टायटॅनियम वाढलं म्हणून राज्य पडलं का?

पुराहवामानावर संशोधन करायचं तुम्ही ठरवलं असेल, तर हुगुआंग सरोवराचा पेपर आज ना उद्या तुमच्यासमोर येणारच. जानेवारी २००७ मध्ये तो ‘नेचर’मध्ये आला. पहिली लेखिका गेर्गाना यांचेवा, शेवटचे लेखक गेराल्ड हाउग, आणि गट मुख्यतः जर्मनीतल्या पोट्सडॅमचा. पेपर अवघा चार पानांचा. दक्षिण चीनमधल्या एका ज्वालामुखी सरोवराच्या तळाचा गाळ काढला आणि त्यावरून गेल्या सुमारे १६,००० वर्षांचा मॉन्सून वाचला, असा त्याचा विषय. पण पेपर गाजला तो शेवटच्या भागामुळे. चीनमधलं तांग घराणं (इ. स. ६१८ ते ९०७) लयाला गेलं त्यात पावसाच्या तुटीचा हात असावा, आणि साधारण त्याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला माया संस्कृती ढासळली त्यामागेही वातावरणातला तोच बदल असावा, असं त्यात सुचवलं होतं.

मला हा पेपर आवडतो. मांडणी स्वच्छ आहे, प्रश्न मोठा आहे, मोजमाप बारकाईचं आहे. तरीही शेवटचा भाग मला पटत नाही. का पटत नाही ते इथे पायरी-पायरीने सांगते. उद्या तुम्हाला स्वतःचा संशोधन प्रस्ताव लिहायचाय, तेव्हा याच पायऱ्या तुम्हालाही चढायच्या आहेत.

आधी सरोवर समजून घेऊ

अशा सरोवराला ‘मार’ म्हणतात. शब्द जर्मनीच्या आयफेल भागातला आहे. आपल्या मार खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. शिलारस वर येताना भूजलाला भिडतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि जमीन फुटून खड्डा पडतो. उडालेली राख आणि दगड कडेने साचून बांधासारखी वळी तयार होते. पुढे खड्ड्यात पाणी साठतं आणि गोल, उभ्या काठांचं सरोवर बनतं.

संशोधकांना ही सरोवरं का आवडतात? एक तर त्यांचं पाणलोट क्षेत्र अगदी लहान असतं. बहुतेकदा मोठी नदी आत येत नाही. तळाशी पाणी शांत असतं, प्राणवायू कमी असतो, त्यामुळे किडे-अळ्या गाळ ढवळत नाहीत. वर्षामागून वर्ष थर बसत जातात. काही ठिकाणी तर झाडाच्या वर्तुळांसारखे वार्षिक थर मोजता येतात.

हुगुआंग हे सरोवर ग्वांगडाँग प्रांतात, लेइझोउ द्वीपकल्पावर, झानजियांग शहराजवळ आहे. खोली सुमारे २० मीटर. नदी आत येत नाही, बाहेर जात नाही. पेपरचा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीवर उभा आहे. तो असा : नदी नाही, म्हणजे खनिज कण आत येणार ते वाऱ्याने. त्या भागात हिवाळ्यात उत्तरेकडून, आतल्या कोरड्या प्रदेशांकडून जोरदार वारे वाहतात. मातीच्या कणांमध्ये टायटॅनियम असतं. ते सहसा पाण्यात विरघळत नाही, सजीव ते वापरत नाहीत, म्हणजे एकदा गाळात बसलं की बसलं. तेव्हा गाळात टायटॅनियम जास्त, तर धूळ जास्त. धूळ जास्त, तर हिवाळी वारे जोरात. जोडीला गाळाचे चुंबकीय गुणधर्मही त्यांनी पाहिले.

ऐकायला सरळ वाटतं ना? आता चढायला लागू.

पहिली पायरी : माप

गाळाचा लांबलचक कोअर क्ष-किरण स्कॅनरखाली सरकवला की मिलिमीटर-मिलिमीटरवर टायटॅनियमचे ‘काउंट’ मिळतात. काम झपाट्याने होतं, कोअर कापावा-कुटावा लागत नाही. पण काउंट म्हणजे टक्केवारी नव्हे, आणि टक्केवारी म्हणजे दरवर्षी किती धूळ पडली तेही नव्हे.

पोह्यांचं उदाहरण घ्या. दोन प्लेटींमध्ये शेंगदाणे मोजून दहा-दहाच टाकले, पण दुसऱ्या प्लेटीत पोहे दुप्पट वाढले, तर दुसऱ्या प्लेटीत शेंगदाणे कमी ‘दिसतात’. सरोवरातही हेच. एखाद्या काळात डायटम, म्हणजे काचेसारखं कवच असणारी सूक्ष्म शेवाळं, खूप माजली किंवा सेंद्रिय गाळ वाढला, तर टायटॅनियमचा वाटा घसरतो. वारा तेवढाच असतो. म्हणून नुसता आलेख पाहून थांबू नका. पेपरमध्ये गाळ साचण्याचा वेग दिलाय का, सेंद्रिय कार्बन आणि जैविक सिलिका मोजलीय का, आणि त्यांच्या चढउतारांशी टायटॅनियम उलट नाचतंय का, हे बघा.

दुसरी पायरी : अर्थ

माझ्या मते खरा वाद इथे आहे. त्याच वर्षी ‘नेचर’ने या पेपरवरचे आक्षेप आणि लेखकांची उत्तरं, दोन्ही छापली. त्यातला झोउ आणि सहकाऱ्यांचा आक्षेप मुळावरच घाव घालणारा होता : हे टायटॅनियम दूरच्या वाळवंटातून आलंय हे कशावरून? सरोवराच्या भोवतीची वळी तर ज्वालामुखीच्या राख-दगडांचीच आहे. पाऊस पडला की तीच माती धुपून आत येणार. नदी नसली तरी उतार आहेच की.

हा आक्षेप खरा धरला तर काय होतं ते बघा. टायटॅनियम जास्त म्हणजे धुपून आलेली माती जास्त, म्हणजे पाऊस जास्त. आलेख तोच, आकडे तेच, पण अर्थ उलटा. जो काळ ‘कोरडा, वाऱ्याचा’ म्हणून वाचला तो ‘ओला’ ठरू शकतो.

आणि गंमत म्हणजे टायटॅनियमचा हा दुसरा अर्थ हाउग यांच्याच गटाने दुसरीकडे वापरलेला आहे. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगतच्या कारियाको खोऱ्यातल्या सागरी गाळावर त्यांचा २००३ चा पेपर आहे. तिथे टायटॅनियम नद्यांनी आणलेलं मानलं आहे, म्हणून जास्त टायटॅनियम म्हणजे जास्त पाऊस. त्यावरून माया संस्कृतीच्या उतरत्या काळात इ. स. ७६०, ८१०, ८६० आणि ९१० च्या सुमारास अवर्षणं दाखवली गेली. हुगुआंगमध्ये जास्त टायटॅनियम म्हणजे जोरदार हिवाळी वारे आणि दुबळा पावसाळा. दोन ठिकाणी दोन अर्थ असणं यात चूक काहीच नाही. कारियाकोला नद्या आहेत, हुगुआंगला नाहीत. पण यातून तुम्ही घ्यायचं ते हे की टायटॅनियमला स्वतःचा अर्थ नसतो. ते कुठल्या वाटेने आलं, यावर अर्थ ठरतो. वाट सिद्ध केल्याशिवाय अर्थ सांगता येत नाही.

वाट कशी सिद्ध करायची? सरोवराच्या काठची माती, तिथले खडक आणि दूरची धूळ, तिन्हींचे नमुने घ्यायचे. स्ट्राँशियम आणि निओडिमियम यांच्या समस्थानिकांची गुणोत्तरं खडकागणिक वेगळी असतात. ज्वालामुखी राख आणि वाळवंटी धूळ त्यावरून ओळखता येतात. कणांचा आकार मोजायचा. आणि निदान वर्ष-दोन वर्षं सरोवरात गाळ पकडणारे सापळे टांगून आज नक्की कुठल्या महिन्यात काय पडतंय ते बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यावर मोठ्या नियतकालिकात पेपर निघत नाही. पण याच्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं.

दुसरा मार्ग म्हणजे वेगळा साक्षीदार शोधणं. याच सरोवरात पुढे वांग आणि सहकाऱ्यांनी डायटमवर काम केलं. जड कवचाच्या काही जाती वाऱ्याने पाणी ढवळलं तरच वर तरंगत राहतात. पाणी शांत, थरांचं असेल तर हलक्या जाती फावतात. म्हणजे इथे वाऱ्याची साक्ष धुळीकडून येत नाही, पाण्याच्या ढवळण्याकडून येते. २०१२ च्या त्यांच्या पेपरचा सूर असा, की हिवाळी आणि उन्हाळी मॉन्सूनचं नातं गुंतागुंतीचं आहे. एक वर तर दुसरा खाली, असा सोपा झोपाळा तिथे दिसत नाही.

तिसरी पायरी : वेळ

आता कालमापन. कार्बन-१४ च्या तारखांना काही दशकांची, कधी शतकाच्या आसपासची, कमी-अधिक चूक असते. आणि इतिहासातल्या घटना? आन लुशानचं बंड ७५५ मध्ये उठलं, हुआंग चाओचं ८७४ ते ८८४ मध्ये. दहा वर्षांची घटना आणि पन्नास वर्षांची अनिश्चितता असली, तर आलेखावरची शिखरं घटनांवर ‘बसवणं’ फार सोपं होतं. थोडं इकडे, थोडं तिकडे, जुळलंच!

‘पण वार्षिक थर मोजता आले तर?’ असं तुम्ही विचाराल. मग आयफेलमधल्या मेयरफेल्ड मारचं बघा, कारण तिथे थर खरोखर वर्षागणिक मोजलेले आहेत. ‘यंगर ड्रायस’ नावाचा थंडीचा काळ १२,६७९ वर्षांपूर्वी सुरू झाला आणि वाऱ्याची पद्धत जवळजवळ एका वर्षात बदलली, असं २००८ मध्ये तिथून सांगितलं गेलं. (अशी वर्षं १९५० पासून मागे मोजतात.) ग्रीनलंडच्या बर्फात हीच थंडी आधी दिसत होती. मधे दीडेक शतकाचं अंतर. युरोपात थंडी उशिरा का पोचली, यावर मग कारणमीमांसा सुरू झाली.

२०२१ मध्ये लाखर झे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या झाडांची वर्तुळं आणि कार्बन-१४ वापरून त्या उद्रेकाची नवी तारीख आली : १३,००६ वर्षांपूर्वी, कमी-अधिक ९ वर्षं. आधी मानलेल्या तारखेपेक्षा शंभराहून जास्त वर्षांनी जुनी. हीच राख मेयरफेल्डच्या गाळातही आहे. म्हणजे राखेचा थर मागे सरकला की त्यावरचे थरही मागे सरकले. यंगर ड्रायसची सुरुवात १२,८०७ च्या आसपास गेली आणि ग्रीनलंडशी जुळली. उशीर उरलाच नाही.

इथे नीट लक्ष द्या. राख आणि थंडी यांच्यामधले सुमारे २०० थर जुन्या हिशोबातही होते आणि नव्यातही आहेत. मोजणाऱ्यांनी थर बरोबर मोजले होते. सगळी मोजपट्टी जिथे खिळली होती तो खिळा चुकीच्या जागी होता, आणि त्या जागेवरून दीड शतकाचा ‘उशीर’ जन्माला आला होता. तुमच्या प्रस्तावात ‘आघाडी’ आणि ‘पिछाडी’ हे शब्द लिहिण्याआधी मोजपट्टी कशाला खिळलीय ते विचारा.

चौथी पायरी : ऋतू

पुन्हा हुगुआंगकडे येऊ. समजा, टायटॅनियम वाऱ्यानेच आलं आणि तारखाही बरोबर आहेत. तरी आपल्याकडे पुरावा आहे हिवाळी वाऱ्यांचा. तांग राजवटीची शेती अवलंबून होती पावसाळ्यावर. हिवाळ्यावरून पावसाळ्याकडे जायला पेपर एक पूल बांधतो : उत्तर गोलार्ध थंडावला की विषुववृत्ताजवळचा पर्जन्यपट्टा दक्षिणेकडे सरकतो, म्हणून हिवाळी मॉन्सून जोरात आणि उन्हाळी मॉन्सून दुबळा.

हजारो वर्षांच्या पट्टीवर, हिमयुग संपतानाच्या मोठ्या चढउतारांत, हा विचार समजण्यासारखा आहे. तोच नियम दशकांच्या पट्टीवर लावता येतो का? झांग दे-अर आणि लू लाँगहुआ यांचा आक्षेप नेमका हाच होता. चीनकडे लिखित नोंदींचा प्रचंड साठा आहे. त्या नोंदींच्या आधारे त्यांनी दाखवलं, की ज्या काळात थंडीचे हिवाळे वारंवार येत होते त्या काळात पावसाळे तुलनेने ओले होते. म्हणजे पुलाच्या दुसऱ्या टोकाला अपेक्षेच्या उलट चित्र. यांचेवा आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं आणि आपली भूमिका सोडली नाही. दोन्ही बाजू मुळातून वाचाव्यात अशा आहेत.

आपल्या गावाकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, ‘यंदा थंडी कडक पडली म्हणजे पाऊस कमी पडणार का?’ तो काय म्हणेल ते तुम्हाला माहीत आहे. काळाची पट्टी बदलली की नातं बदलू शकतं. हजार वर्षांवर सिद्ध झालेलं वाक्य तीस वर्षांवर वापरायचं असेल तर ते पुन्हा सिद्ध करावं लागतं.

पाचवी पायरी : राज्य

आणि शेवटची उडी. हुगुआंगपासून तांगांची राजधानी चांगआन, म्हणजे आजचं शिआन, सरळ रेषेत १४०० ते १५०० किलोमीटर उत्तरेला आहे. मुंबई ते दिल्ली यापेक्षाही लांब. चीनसारख्या देशात उत्तरेला पूर आणि दक्षिणेला अवर्षण एकाच वर्षी असू शकतं. पण अंतराचा मुद्दा बाजूला ठेवला तरी मुख्य प्रश्न राहतो : पाऊस कमी झाल्याने राज्य पडतं, हे गाळावरून कळतं का?

हीच पायरी आपल्या घरच्या सरोवरावर चढून बघू. बुलडाणा जिल्ह्यातलं लोणार बेसॉल्टमध्ये आहे म्हणून अनेकांना ते ज्वालामुखीचं विवर वाटतं. ते उल्कापाताने झालेलं आहे. पण गाळ वाचण्याच्या दृष्टीने ते मारसारखंच : गोल वाडगा, उभे काठ, पाण्याला बाहेर जायला वाट नाही. तिथल्या कोअरमध्ये गेलुसाइट नावाचं खनिज सापडलं. पाणी आटून फार खारट आणि अल्कधर्मी झालं की ते तयार होतं. ते दोन टप्प्यांत मिळालं : सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी आणि सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वी. संशोधकांनी या दोन्ही टप्प्यांना दीर्घ कोरडे काळ म्हटलं आहे.

आता दुसरा टप्पा इतिहासाच्या पानावर ठेवा. साधारण इ. स. पूर्व पहिलं शतक ते इ. स. चौदावं शतक. सातवाहन, वाकाटक, चालुक्य, राष्ट्रकूट, यादव. अजिंठ्याची पाचव्या शतकातली लेणी, वेरुळचं कैलास, खुद्द लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर, सगळं या ‘कोरड्या’ काळातलं! ‘अवर्षण आलं की सत्ता कोसळते’ हा नियम असता तर या चौदा शतकांत दख्खन ओसाड दिसायला हवी होती. तुम्हाला हवं तर याच काळात सातवाहन पडले, वाकाटक पडले, यादव पडले असंही दाखवता येईल. अडचण नेमकी तीच. ज्या पट्टीवर उदय आणि अस्त दोन्ही बसतात, ती पट्टी दोन्हींपैकी कशाचंच कारण सांगत नाही. गेलुसाइट सांगतं की सरोवरात आलेल्या पाण्यापेक्षा वाफ होऊन गेलेलं पाणी जास्त होतं. भुकेबद्दल, करांबद्दल, लढायांबद्दल ते काही सांगत नाही.

अजून जवळचं उदाहरण हवं असेल तर १९७२ चा दुष्काळ घ्या. घरातल्या आजी-आजोबांनी सुकडीच्या आणि खडी फोडण्याच्या गोष्टी सांगितल्याच असतील. पाऊस भीषण कमी होता, हाल झाले. पण राज्य कोसळलं नाही. उलट त्याच काळात दुष्काळी कामं मोठ्या प्रमाणावर काढली गेली आणि रोजगार हमी योजनेचा पाया पक्का झाला. हजार वर्षांनी कुणी आपल्या एखाद्या तळ्याचा गाळ काढला, त्यात १९७२ चा कोरडा थर सापडला आणि ‘याच सुमारास महाराष्ट्रातली सत्ता लयाला गेली असावी’ असं लिहिलं, तर? पाऊस आणि परिणाम यांच्यामध्ये माणसं असतात, धान्याची कोठारं असतात, सरकारचे निर्णय असतात. गाळात त्यातलं काही उतरत नाही.

म्हणून हा वाद मला नुसता तांत्रिक वाटत नाही. ‘हवामानाने राज्य बुडवलं’ हे वाक्य बातमीत जातं, तिथून पाठ्यपुस्तकात जातं. त्यात राज्यकर्त्यांची जबाबदारी अलगद सुटते. आणि उद्या वाक्य चुकीचं ठरलं की ‘बघा, हे हवामानवाले काहीही सांगतात’ म्हणायला लोक टपलेलेच असतात. मग आजच्या तापमानवाढीबद्दलचं भक्कम विज्ञानही त्या संशयात ओढलं जातं.

मग या पेपरचं करायचं काय?

फेकून द्यायचा नाही. कोअर खरा आहे, मोजमाप खरं आहे, आणि दोन मॉन्सूनचं नातं एकाच सरोवरातून तपासावं हा प्रश्न त्यांनी धीटपणे विचारला. त्यावरच्या आक्षेपांमुळे आणि नंतरच्या डायटमच्या कामामुळे हुगुआंगबद्दलचं आकलन पुढे गेलं. हजारो वर्षांच्या पट्टीवरचा त्यांचा दावा तपासत राहण्यासारखा आहे. तांगांबद्दलचा भाग मात्र मी परीक्षक असते तर काढायला सांगितला असता. निदान ‘शक्यता’ म्हणून वेगळा ठेवायला सांगितला असता.

तुमच्यासाठी एक काम. पुढचा जो पेपर वाचाल त्याच्या समासात पेन्सिलीने एक ते पाच आकडे टाका : माप, अर्थ, वेळ, ऋतू किंवा यंत्रणा, आणि माणसांचा इतिहास. लेखकांचं प्रत्येक महत्त्वाचं वाक्य कितव्या पायरीवरचं आहे ते लिहा आणि त्या पायरीचा स्वतंत्र पुरावा पेपरमध्ये कुठे आहे त्यावर खूण करा. मग स्वतःच्या प्रस्तावालाही तेच करा. गाईडकडे पाठवायच्या आधी. हुगुआंगच्या पेपरमध्ये माझी पेन्सिल दुसऱ्या पायरीवर बराच वेळ अडली आणि चौथीवर थांबली. तुम्ही वाचा, तुमची कुठे थांबते ते मला नक्की कळवा.